निळ्या डबीचा स्वभाव

स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत जायला एक अरुंद बोळ होता. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला पाठ भिंतीला टेकवावी लागे, एवढाच. दिवस कलला की त्या बोळात वास यायचा. आधी गार, नाकातून थेट कपाळात चढणारा. आणि तो ओसरता ओसरता मागून लवंगेची बारीकशी ऊब. धाकटी हातातलं पातेलं तसंच धरून थांबायची आणि पाठ भिंतीला टेकवायची. समोरून येणाऱ्याला वाट द्यावी तशी.

समोरून कोणी येत नसे. वास मात्र थेट चेहऱ्यावर यायचा, एका झोतात, कोणी तोंड उघडून 'हा' करावं तसा. मग विरायचा. आणि तो विरल्यावर बोळात एक वाट बघणं उरायचं. तेच सगळ्यात अवघड. कोणीतरी उत्तरासाठी खोळंबून उभं आहे आणि आपण तोंडाला कुलूप लावून बसलो आहोत, असं तिला वाटायचं. काही न बोलता ती मागच्या खोलीत जायची आणि दिवा लावायची.

तो वास 'दहिवर'च्या चघळायच्या निळ्या गोळीचा होता, ह्याबद्दल धाकटीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. उभं आयुष्य त्या कारखान्यात नाक झिजवलेली बाई ती. पण निळी दहिवर बाजारातून उठली तेव्हा तिची भाची नुकती शाळेत जायला लागली होती, आणि आता त्या भाचीच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते.

भाची म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणी आईच्या बटणांचा डबा घेऊन तासन्‌तास बसायची म्हणून तिला बटणी म्हणायचे. पुढे ती मोठ्या हुद्द्यावर गेली, सासू झाली, तरी घरात बटणीच राहिली. तिचा बाप जहाजावर नोकरीला गेला तो तिकडचाच झाला. आणि थोरली ताप डोक्यात जाऊन गेली तेव्हा बटणी इतकी लहान होती, की आईचा चेहरा तिला फोटोतलाच आठवायचा. धाकटीने तिला वाढवलं. त्या धबडग्यात धाकटीचं स्वतःचं लग्न राहून गेलं, ते राहूनच गेलं. आता सत्तरी उलटली तरी जुनी माणसं तिला 'धाकटी'च म्हणायची. थोरली नसताना धाकटी कोणाच्या तुलनेत, हे कोणी विचारलं नाही.

मध्ये एकदा त्या बोळात तिचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. तेव्हापासून बटणीने धोशा लावला होता.

"मावशी, आता पुरे. आमच्याकडे चल. लिफ्ट आहे, उजेड आहे, इमारतीत खाली डॉक्टर बसतो."

"डॉक्टर खाली बसतो म्हणून मी वर येऊन आजारी पडू?"

"विषय बदलू नकोस. ह्या ओलसर घरात आहे काय तुझं?"

इथे धाकटीची जीभ घसरली. "माझं काही नाही. तुझ्या आईचं आहे. मी गेले तर तिने यायचं कुठे?"

बटणीने हातातली पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसली. मग धाकटीला सगळं सांगावंच लागलं. बटणी हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. तिने हळू आवाजात, तापाच्या पेशंटला विचारावं तसं विचारलं, "रोज येतो का गं वास?"

"दिवेलागणीला."

"मला कसा नाही आला कधी?"

"तू सासरी गेल्यावर यायला लागला तो. आता तू दिवेलागणीला असतेस का इथे? आलीस की पायाला पाय लावून पळतेस."

त्या दिवशी बटणी थांबली. उजेड कमी झाल्यावर बोळात जाऊन उभी राहिली, फोन बंद करून, हात बांधून. धाकटी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. वास काही आला नाही. थोरली परक्यांपुढे बुजायची, हे खरं. पण पोटची पोर परकी?

तेवढ्यात बटणीची नजर भिंतीतल्या फडताळाकडे गेली. वरच्या फळीवर, जुन्या चष्म्यांच्या मागे, निळी पत्र्याची डबी. कडेने चिकटपट्टी गुंडाळलेली.

"मावशी, ही कसली?"

"ती ठेव. ती शेवटच्या घाण्यातली आहे. निळीचा शेवटचा घाणा निघाला तेव्हा सगळ्या बायकांना एकेक दिली होती."

"अगं, मग हीच गळतेय की!" बटणीच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "पत्र्याला कुठेतरी बारीक भोक पडलं असणार. दिवसभर घर तापतं, संध्याकाळी हवा फिरते, की वास बोळात उतरतो. सुटलं कोडं! डबी उशाशी घेऊन चल आमच्याकडे. आई आपोआप येईल."

बटणी हे प्रेमाने बोलली. पण धाकटीला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. इतकी वर्षं आपण पाठ भिंतीला टेकवून जिला वाट दिली, ती एका गळक्या डबीची वाफ होती?

*

कारखान्यातून फोन आला तो त्याच आठवड्यात. दहिवरची शंभरी भरत होती. जुन्या गोळ्यांच्या छोट्या डब्यांचा एक संच काढायचा होता आणि प्रयोगशाळेतल्या मुलीला 'सावलीच्या टेबलावरच्या' कोणाला तरी भेटायचं होतं. त्या टेबलावरची जिवंत अशी धाकटीच तेवढी उरली होती.

मुलगी आली ती चुणचुणीत होती. आल्या आल्या बूट काढून, "आजी, पाणी मीच घेते," म्हणून स्वयंपाकघरात शिरली. धाकटीला ती आवडली. बटणीही रजा काढून आली होती. डबीच गळते हे ही मुलगी सांगेल आणि ह्या भेटीचा निकाल आपल्या बाजूने लागेल, अशी तिला खात्री होती.

"सावली म्हणजे नेमकं काय हो, आजी? कारखान्यात आता कोणालाच सांगता येत नाही."

धाकटी सावरून बसली. असं कोणी विचारून किती काळ लोटला होता!

दहिवर काढली एका औषधवाल्याने. मूळची ती पोटदुखीची गोळी. आतलं औषध कडूजहर, म्हणून त्याने त्यात पेपरमिंटचं तेल घातलं. झालं असं, की लोकांची पोटदुखी काही थांबली नाही, पण गोळी खाऊन बोलणाऱ्या माणसाजवळ बसावंसं वाटतं हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने कडू औषध काढून टाकलं, गोळी राहू दिली, आणि डबीवर छापलं, 'दहिवर. जवळ बसा.' म्हाताऱ्या मालकाचं एक वाक्य कारखान्यात पाठ असायचं: गोळी खाणाऱ्यासाठी नसते, समोरच्यासाठी असते.

पहिली पांढरी. ती तर सगळ्यांनाच ठाऊक, अजून मिळते. मग पांढरी झोंबते अशी तक्रार आली म्हणून हिरवी, पुदिन्याची, सौम्य. मग विडी-सिगारेटवाल्यांसाठी तांबडी, दालचिनी आणि लवंगेची. मध्येच मालकाच्या जावयाच्या डोक्यातून जांभळी निघाली, फुलांच्या वासाची.

"ती कशी होती?"

"साबण चघळल्यासारखी. जावयाने एकट्यानेच संपवली म्हणतात."

मुलगी खळखळून हसली. आणि सगळ्यात शेवटी निळी, धाकटी म्हणाली. विंटरग्रीनची, म्हणजे एका परदेशी झुडपाच्या तेलाची. अर्धी दुनिया तिच्यावर जीव टाकायची आणि अर्धी म्हणायची, मुरगळलेल्या पायाला लावायचं मलम खायला कशाला देता?

"तर सावली. एकाच मशीनवर आज तांबडी आणि उद्या निळी निघायची. मशीन कितीही धुतलं तरी साच्यात आदल्या गोळीचा वास बसलेला असतो. म्हणून पहिल्या काही पाट्या टाकून द्यायच्या. त्या सावलीच्या गोळ्या. सावली कधी उतरली, हे आम्ही ठरवायचो."

"चाखून?"

"चाखून काय कळतंय! दोन गोळ्या खाल्ल्या की जीभ बधिर. म्हणून टेबलावर दोघी. एकीने गोळी तोंडात धरायची आणि समोरचीच्या तोंडावर 'हा' करायचं. समोरचीने हुंगून सांगायचं. 'उतरली' म्हटलं की माल डब्यात. 'आहे अजून' म्हटलं की मशीन परत धुवायचं, आणि परत 'हा'. थोरली 'हा' करायची आणि मी सांगायची. ती गेल्यावर निळीच्या पाळीला मी बसलेच नाही. घरी एका पांघरुणात झोपायचं आणि कारखान्यात एकमेकींच्या तोंडावर फुंकायचं. आई म्हणायची, तुम्हाला एकमेकींचा कंटाळा कसा येत नाही?"

आणि टेबलाचे नियम कडक. सकाळपासून साधं पाणी, साधं अन्न. तोंडाला कसलाही वास चालायचा नाही. एक बाई कच्चा कांदा खाऊन आली तर तिला त्याच दिवशी पॅकिंगला धाडलं. पॅकिंगची खोली अंगणापलीकडे. तिकडे गेलं की इकडच्यांचं तोंड दिसायचं नाही.

प्रयोगशाळेतल्या मुलीने पिशवीतून काचेची छोटी बाटली काढली. जुन्या कृतीप्रमाणे केलेल्या निळ्या गोळ्या. धाकटीने बटणीला समोर बसवलं.

"तोंडात धर. चावू नकोस. आता हा कर."

"मावशी, काहीतरीच."

"आईला तुझ्या पगार मिळायचा ह्याचा. कर."

बटणीने लाजत 'हा' केलं. धाकटीने डोळे मिटले. गारवा कपाळात चढला. ओळखीचा, जुना, हुबेहूब. ती मागच्या उबेची वाट बघत राहिली. ती आलीच नाही.

"लवंग कमी आहे," ती म्हणाली.

मुलगी गोंधळली. "लवंग? लवंग नाहीच आहे ह्यात, आजी."

"मग तेच चुकलंय. निळीला मागून लवंगेचा वास असतो. नखभर. पण असतो."

*

मुलगी बिचारी दुसऱ्या खेपेला लवंग घालून आली. "आता जास्त झाली," धाकटी म्हणाली. तिसऱ्या खेपेला कमी केली. "आता आहे, पण वेगळी आहे. ही गोळीला चिकटलेली आहे. ती मागून यायची." हे बोलताना तिचं तिलाच कळत होतं, की आपण बोलतो आहोत ते कोणाला करता येण्यासारखं नाही.

मुलगी चौथ्यांदा आली ती हात हलवत. "आजी, रागावू नका. मी जुनी कृती पुन्हा पुन्हा तपासली. निळीमध्ये लवंग कधीच नव्हती. तांबडीची सावली असेल."

"सावली?" धाकटी ताडकन उठली. "सावली असताना माल सोडायला मी काय झोपा काढत होते? मलाही आधी तसंच वाटलं होतं! 'आहे अजून, आहे अजून' म्हणून मी इतक्यांदा मशीन धुवायला लावलं, की मशीनवाला म्हणाला, बायांनो, मशीन धुऊन धुऊन झिजलं, आता मलाच घाला त्या टाकीत! शेवटी मुकादम आला. त्याचं नाक तंबाखूने कधीच गेलेलं. त्याने गोळी हुंगल्यासारखी केली आणि म्हणाला, असेल तो हिचा स्वभाव, सोडा माल. तेव्हापासून आम्ही निळीचा तो स्वभावच धरला."

तिला तो दिवस जसाच्या तसा दिसला. मशीनवाला कपाळ बडवतोय, मुकादम पाठ फिरवून चाललाय, आणि थोरली डाव्या गालावर हात ठेवून खुदुखुदू हसते आहे.

"आपल्याकडे खरी निळी आहे की," बटणी हळूच म्हणाली. "फडताळात. उघडून बघूया?"

धाकटीने मान वळवून फडताळाकडे पाहिलं.

बटणी पुढे सरकली आणि मावशीचा मोडून जुळलेला हात हातात घेतला. "मावशी, आपलं ठरवून टाकू. डबीतून तोच वास आला, तर तू माझ्याकडे यायचं. डबी घेऊन."

"आणि नाही आला तर?"

"नाही आला तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही."

धाकटी डबीकडे बघत राहिली. तिला कात्रीत सापडल्यासारखं झालं होतं. डबीत लवंग निघाली, तर तिचं नाक खरं, तिचा शब्द खरा. पण मग बोळात थोरली नाही, ही डबीच आहे. आणि लवंग नाही निघाली, तर तिचं नाक खोटं. ज्याने कधी नसलेली लवंग हुंगली, त्या नाकाने नसलेली बहीण हुंगली असेल, तर त्यात नवल काय? बटणी विषय काढणार नाही. पण मनात म्हणेलच, मावशीचं डोकं फिरायला लागलं. कसेही फासे पडले तरी थोरली जात होती.

"उघड," ती म्हणाली.

चिकटपट्टी वाळून पापडासारखी झाली होती. बटणीने नखाने ती सोलली आणि अंगठ्याने झाकण दाबलं. 'टक्' आवाज झाला. हल्लीच्या प्लास्टिकच्या खोक्यांना तसा आवाज नाही. आत मेणकागद, आणि खाली पिवळसर पडलेल्या गोळ्या, प्रत्येकीवर दवाचा थेंब कोरलेला.

"भोकबिक काही दिसत नाही," मुलगी डबी उजेडात फिरवत म्हणाली. "कागदसुद्धा कोरडा आहे."

बटणीने एक गोळी तोंडात टाकली. ह्या वेळी ती लाजली नाही. धाकटीच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसली, थोडी थांबली आणि तिने 'हा' केलं.

गारवा आला. अशक्त, जुना, पण तोच. तो कपाळात चढला, ओसरला आणि संपला. मागे काही नव्हतं.

"परत."

बटणीने परत 'हा' केलं. मागे काही नव्हतं.

मुलीने स्वतः एक गोळी हुंगली, फोडली, पुन्हा हुंगली. मग तिने नाही अशी मान हलवली. तिला जिंकल्याचा आनंद झालेला नव्हता. धाकटी खुर्चीत बसल्या बसल्या लहान झाली होती.

"मग मी काय हुंगत होते इतकी वर्षं?" तिने विचारलं. कोणाला, ते कळलं नाही.

बटणीच्या तोंडात गोळी तशीच होती. तिने ती गालात सरकवली आणि बोलायला म्हणून तोंड उघडलं, तशी थबकली. गालावर हात नेला. गोळीने फुगलेला डावा गाल.

"मावशी," ती म्हणाली, "आईच्या बटणांच्या डब्यात लवंगा होत्या."

"काय?"

"बटणांमध्ये. तळाला. मी खेळायची तेव्हा वेगळ्या काढून ठेवायची त्या. मला वाटायचं किडे लागू नयेत म्हणून टाकल्यात. पण बटणांना कसले किडे लागतात? डबा अजून माझ्याकडे आहे. दोन-चार लवंगा अजून असतील बघ त्यात. काही काही चावलेल्या होत्या, मावशी. टोकाला दातांच्या खुणा होत्या."

धाकटीच्या डोळ्यांसमोर थोरली आली, वेगळीच थोरली. एका बाजूने जेवणारी. भाकरीचा तुकडा उजवीकडे सरकवणारी. गार पाणी पिताना एक डोळा मिटणारी. निळीचं काम सुरू झालं त्याच हिवाळ्यात रात्री उशीत तोंड खुपसून कण्हणारी, आणि "काय गं?" म्हटलं की "स्वप्न पडलं" म्हणणारी. दात काढणाऱ्याचं नाव काढलं की थोरलीचे हातपाय गळायचे, हे साऱ्या घराला माहीत होतं. दात दुखतोय म्हटलं असतं तर आईने हाताला धरून नेलं असतं. आणि लवंग दाढेत धरते म्हटलं असतं तर मुकादमाने त्याच दिवशी अंगणापलीकडे पाठवलं असतं.

"तांबडी काढायची तेव्हा लवंग लवंगेत खपून जायची," धाकटी पुटपुटली. "निळीला उघडी पडायची. कामाला बसताना थुंकून टाकत असेल, चूळ भरत असेल. पण दाढेतला वास चुळेने जातो होय! आणि मी आपली ओरडतेय, आहे अजून, आहे अजून, मशीन धुवा!"

ती हसायला लागली. आधी नुसतं खांद्यांत, मग तोंड उघडून. "अगं, त्या बिचाऱ्या माणसाने मशीन घासून घासून चंद्र केला त्याचा! आणि ही गालावर हात ठेवून हसतेय! माझ्या तोंडावर! लबाड, महालबाड!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पदराने पुसत नव्हती. "मला सुद्धा सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी 'उतरली' म्हटलं नसतं होय!"

प्रयोगशाळेतली मुलगी हलकेच उठून बाहेरच्या खोलीत गेली. तिच्या शंभरीच्या डबीत लवंग नसणार, एवढं तिला कळलं होतं.

बटणी मात्र बसूनच होती. तिचा रंग उतरला होता. "मावशी," ती म्हणाली, "मग बोळात येतो त्या वासात लवंग असते म्हणालीस."

"असते."

"डबीत नाही. गोळीत नाही."

"नाही."

उजेड कमी होत आला होता. बटणीने बोळाकडे पाठ असलेली आपली खुर्ची नकळत वळवून घेतली.

*

बटणीने दिलेला शब्द पाळला. तिने विषय काढला नाही. काढला तो धाकटीने.

मुलगी गेली, बटणी गेली, आणि धाकटी पातेलं न घेता, रिकाम्या हाताने बोळात जाऊन उभी राहिली. पाठ भिंतीला टेकवली. वास आला. आधी गार. मग मागून ती ऊब, जिला इतकी वर्षं ती गोळीचा स्वभाव समजत होती. दाढेतली ऊब. किडलेल्या, दुखऱ्या दाढेतली. त्या उबेत किती कळ होती, ते तिला पहिल्यांदा जाणवलं.

मग ते वाट बघणं. आज तिला त्याची भीती वाटली नाही. ते काय मागत होतं ते तिला कळलं. टेबलावर बसून 'हा' केल्यावर थोरली जे मागायची तेच; मान थोडी वर करून, भुवया उंचावून. दुसरं काय! समोरचीने काही न सांगता उठून जावं असं कधी झालं होतं का? आणि धाकटी रोज उठून जात होती, दिवा लावत होती. कारण 'उतरली' म्हटलं की काम संपतं. काम संपलं की माणूस घरी जातं, आणि थोरलीचं आता घर कुठलं, ते धाकटीला ठाऊक नव्हतं.

तिने ओठ ओले केले.

"आहे अजून," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला, म्हणून घसा साफ करून तिने पुन्हा म्हटलं, "आहे अजून गं. परत करावं लागेल."

बोळ गप्प होता. पण खोळंबलेपण गेलं होतं.

"आणि हे बघ, मी बटणीकडे जाते आहे. तिला तुझा वास माहीत नाही. म्हाताऱ्या मालकाचं काय म्हणणं होतं? गोळी समोरच्यासाठी असते. मग बोळ धरून बसण्यात काय अर्थ आहे? तिकडे ये. लिफ्ट आहे म्हणते." जरा थांबून तिने घातलं, "खाली डॉक्टर बसतो. दाताचा नाही, घाबरू नकोस."

बटणीला फोन केला तेव्हा ती आधी घाबरली, मग रडली, मग सामानाच्या गाडीचं बघते म्हणाली.

*

बटणीच्या घरात उजेड फार होता. भिंती पांढऱ्या, खिडक्या रुंद, बोळ नाहीच. स्वयंपाकघरातून बाहेर आलं की सगळं एकदम मोकळं. धाकटीला दिवेलागणीला उभं राहायला जागा सापडेना. कधी फ्रीजशेजारी उभी राहायची, कधी दाराच्या चौकटीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली. बटणीची सून म्हणायची, "आजी, काही हवंय का?" ती म्हणायची, "नाही गं, पाय मोकळे करते." वास येत नव्हता. निळी डबी उशाशी होती. ती उघडली की जुना गारवा यायचा आणि मागे काही नसायचं.

बटणी रोज कामावरून आल्यावर तिच्याकडे बघायची. विचारायची नाही. धाकटीही मान हलवायची नाही. पण ती हळूहळू जेवण कमी करू लागली होती, आणि जुन्या घराला कुलूप कोणतं लावलं, किल्ली कुठे ठेवली, असलं काहीबाही विचारू लागली होती. बटणीला वाटायला लागलं, आपण मावशीला आणलं आणि आईला तिथेच कोंडून आलो.

मग एका संध्याकाळी दिवे गेले. इमारतच्या इमारत अंधारली. सून नातवाला घेऊन खाली गेली होती. धाकटी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, आणि बटणी मेणबत्ती शोधायला आतल्या खोलीतून चाचपडत येत होती. ओटा आणि जेवणाचं टेबल ह्यांच्यामध्ये जेमतेम एका माणसापुरती वाट होती. तिथे बटणी एकाएकी थांबली. तिने दोन्ही हात टेबलावर टेकले आणि पाठ टेबलाला लावली.

"मावशी," ती कुजबुजली. "तू लवंग खाल्लीस का?"

धाकटी तिच्यापासून चांगली चार हात लांब होती. तिच्या तोंडात काही नव्हतं. अंधारात तिला बटणीचा चेहरा दिसत नव्हता. नुसता श्वास ऐकू येत होता, आत ओढलेला, बाहेर न सोडलेला.

"नाही गं," ती म्हणाली. "हलू नकोस. नीट हुंग. आणि काय वाटतं ते तिला मोठ्याने सांग, ती खोळंबली असेल."